मोठमाय आणि बियाण्याचं जहाज

आमच्या घरात इंटरनेट सगळ्यात आधी पोचलं ते मोठमायच्या कानात, आणि मोठमायला स्वतःचं नावसुद्धा लिहिता येत नव्हतं. भाचरांना हे सांगितलं की ती एकमेकांकडे बघून हसतात. आत्या रंगवून सांगते असं त्यांना वाटतं. वाटू दे. मोठमाय म्हणजे माझ्या बाबांच्या थोरल्या भावाची बायको. मोठेबाबा मी शाळेत जायच्या आधीच साप चावून गेले. मूलबाळ नव्हतं, माहेरी कुणी उरलं नव्हतं, म्हणून ती आमच्यातच राहिली. राहिली म्हणजे राबली. धानाची रोवणी, निंदण, कापणी, उन्हाळ्यात मोहफुलं आणि तेंदूपत्ता, आणि मधल्या वेळात माझ्या मायच्या बाळंतपणापासून ते गोठ्यातल्या शेणापर्यंत सगळं. तिला काय आवडतं हे त्या घरात कुणी कधी विचारल्याचं मला आठवत नाही. तिनेही कधी सांगितलं नाही. दुपारी जेवताना सगळ्यांत शेवटी बसायची, आंबिलीत मीठ कालवायची आणि लाल मिरचीच्या ठेच्याबरोबर भाताची खरवड खायची, आणि कुणी भात पुढे केला तर तेवढं म्हणायची की मला खरवडच आवडते. निदान तेवढं तरी खरं असावं.

आमचं गाव सिंदेवाहीच्या पुढे, डांबरी रस्ता सोडून आत. फाट्यावर एस.टी. थांबायची, आणि फाट्यापर्यंतची वाट मोहाच्या रानातून आणि एका नाल्यातून जायची. मी त्या वाटेने कॉलेजला जात होते. माझ्याबरोबर जाणारी मैत्रीण आदल्या उन्हाळ्यात लग्न होऊन आरमोरीकडे गेली होती, त्यामुळे मी एकटीच उरले होते. बाबांच्या डोक्यात हे ‘एकटीच’ फार दिवस घोळत होतं. ते वाईट माणूस नव्हते, पण भित्रे होते, आणि भित्र्या माणसाचा राग फार लवकर चढतो. मुलगी शिकते याचा त्यांना अभिमान होता आणि ते शिकणं बंद कधी करता येईल याची वाटही ते पाहत होते. दोन्ही गोष्टी एकाच माणसात मावतात, हे मला तेव्हा कळत नव्हतं.

सिंदेवाहीला एस.टी. स्टँडच्या मागे प्रदीपभाऊंचा नेट कॅफे होता. कॅफे म्हणजे काय, झेरॉक्सच्या दुकानात प्लायवुडचे आडोसे करून मांडलेले कॉम्प्युटर. त्या वर्षांत भारनियमनाने सगळ्यांचा जीव मेटाकुटीला आणला होता. लाइट कधी जाईल आणि कधी येईल याचं कागदावरचं वेळापत्रक वेगळं आणि खरं वेगळं. मी निकाल बघायला म्हणून तिथे गेले आणि काहीतरी भलतंच दाबलं गेलं. समोर मराठीत गोष्टी. छोट्या छोट्या, विज्ञानाच्या आणि अद्भुताच्या. चंद्रावर विहीर खणणारे लोक, सावली गहाण ठेवणारा राजा, मेलेल्या नदीला पुन्हा वाहायला शिकवणारं यंत्र. काही वाचायच्या होत्या, काही कुणीतरी वाचून दाखवलेल्या. मी हेडफोन लावला आणि एका माणसाचा शांत, शहरी आवाज थेट माझ्या डोक्यात बोलायला लागला. तो माणूस कुठला, काय करतो, मला कधीच कळलं नाही. त्या साइटचं नावही आता आठवत नाही. बस चुकली एवढं आठवतं, आणि घरी काय थाप मारायची याचा विचार करत फाट्यावरून अंधारात चालत आलेलं आठवतं.

माझ्या मामांनी नागपूरहून एक गाणी ऐकायचं यंत्र आणलं होतं, दोन बोटांएवढं. त्यात एक पेन्सिल सेल बसायचा. प्रदीपभाऊंनी त्यात गोष्टी भरून द्यायला शिकवलं. एक गोष्ट उतरवायला अर्धी सकाळ जायची, आणि लाइट गेली की पुन्हा पहिल्यापासून. मी घरी अंगणात बसून ऐकायची तेव्हा मोठमाय माझ्या तोंडाकडे बघत राहायची. एकदा तिने विचारलं की पोरी, तू एकटीच कायले हासून राह्यली. मी गंमत म्हणून एक तार तिच्या कानात घातली. ती दचकली, तार उपटून टाकली, मागे वळून पाहिलं की कोण बोललं. मग स्वतःच पुन्हा कानात घातली. त्यानंतर ते यंत्र माझं राहिलं नाही. तिने त्याला डब्बी असं नाव दिलं आणि लुगड्याच्या कनवटीला खोचायला लागली.

राजा-राणीच्या गोष्टी तिला आवडत नसत. राजे लोक काम काय करतात ते गोष्टीत कधीच येत नाही, ही तिची तक्रार. तिला आवडायची ती बियाण्याच्या जहाजाची गोष्ट. ती लांब होती, भागाभागांनी यायची. दुसऱ्या कुठल्यातरी सूर्याकडे निघालेलं जहाज, त्यात सगळी माणसं कित्येक वर्षांच्या झोपेत, आणि पोटात जगभरचं बियाणं. फक्त एक बाई जागी. तिचं काम एवढंच की बियाण्याची पोती उलटीपालटी करायची, कीड लागू द्यायची नाही, आणि पोचायच्या आत म्हातारं होऊन मरून जायचं. मला ती गोष्ट भयंकर वाटली. मोठमायला त्यात काही भयंकर दिसलं नाही. धान उलटाव लागते हे बरोबर हाय, नाई तं सोंडे होते, असं ती म्हणाली, आणि मग तिने विचारलं की ते बाई खाते काय, अन् तिच्यासंग बोलते कोन. पुढचा भाग आला का, हे ती मला रोज संध्याकाळी विचारायची. धानाचा भाव विचारावा तसं.

आता चैताकडे येते. मोहफुलं पहाटे गळतात. ज्याची झाडं ज्याने वाटून घेतलेली असतात, आणि उजाडायच्या आधी बाया टोपल्या घेऊन रानात शिरतात, कारण उशीर झाला तर जनावरं खाऊन जातात. गावभर त्या दिवसांत एकच वास. अंगणात, छपरावर, खाटेवर मोह वाळत घातलेला, गोड आणि थोडा आंबूस. माय मोहफुलं भाजून तिळाबरोबर कुटायची. लाखोळीच्या डाळीत उकडलेला मोह मला अजून आवडतो, पण तो आता कुणी करत नाही.

त्या वर्षी रानात तो होता. आमच्याकडे वाघाचं नाव घेत नाहीत, निदान रानात आणि रानाच्या गोष्टी करताना तरी नाही. ‘तो’ म्हटलं की सगळ्यांना कळतं. होळीच्या सुमारास त्याने आमच्या शेजाऱ्याची गाय नेली. मग पलीकडच्या गावात सरपण आणायला गेलेला एक माणूस परत आला नाही. बाबांनी त्या रात्री जेवताना सगळ्यांसमोर सांगितलं की आपल्या वाटेवर तो एकदा जरी दिसला, तर पोरीचं कॉलेज त्या दिवशी बंद, परीक्षा गेली चुलीत. मायने मान खाली घातली. माझी परीक्षा तोंडावर आली होती. मी नापास झाले किंवा बसलेच नाही, तर पुढच्या वर्षी मला कुणी पाठवणार नव्हतं. वैरागडकडचं एक स्थळ तर पोहे खाऊन जाण्याच्या तयारीतच होतं. मी भाताचा घास तोंडात घोळवत राहिले. मोठमाय तेव्हा चुलीपाशी होती आणि कानात डब्बी होती, त्यामुळे तिने ऐकलं नसेल असं मी धरून चालले.

मोह वेचायची एक रीत आहे, ती सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. बाया आपापल्या झाडांखाली पांगलेल्या असतात, मध्ये झुडपं, एकमेकींना दिसत नाहीत. म्हणून सगळ्यांत थोरली बाई मधून मधून हाक घालते, नुसती ‘होऽऽ’ अशी, नाव न घेता, आणि बाकीच्या एकेक करून ‘हो’ देतात. आमच्यात हाक जनाबाईंची असायची. उन्हं वर आली की शेवटची हाक. तोवर टोपल्या भरलेल्या असतात, आणि भरली टोपली एकटीने डोक्यावर घेता येत नाही, दुसरीचा हात लागतो. म्हणून शेवटच्या हाकेला जी ‘हो’ देईल तिच्याकडे जवळच्या झाडाखालच्या बाईने जायचं आणि टोपली उचलू लागायचं. आणि जिच्याकडून उत्तर येणार नाही तिच्याकडे कुणी एकटीने जायचं नाही. सगळ्यांनी आधी जनाबाईंपाशी जमायचं आणि मिळून जायचं. हा नियम जुना होता. तो का आहे हे कुणी समजावून सांगत नसे.

त्या दिवशी मला पेपर नव्हता म्हणून मीही गेले होते. आमची झाडं नाल्याच्या दोन्ही अंगांना होती. मी अलीकडे, मोठमाय पलीकडे. मधली वाट नाल्यात उतरून वर चढायची, तीच पुढे फाट्याला जायची. पहाटेच्या हाकांना मोठमायचा ‘हो’ येत होता. मग उजाडलं, पाखरांचा कलकलाट झाला, आणि अचानक थांबला. थांबला हे माझ्या तेव्हा लक्षात आलं नाही, नंतर आठवलं. जनाबाईंनी शेवटची हाक दिली. एकीने हो दिला, दुसरीने दिला, मी दिला. नाल्यापलीकडून काही आलं नाही.

जनाबाईंनी पुन्हा हाक दिली. पुन्हा काही नाही. मला आधी भीती वाटली, मग राग आला. कानात तारा घालून बसली असेल, बियाण्याची बाई आणि तिची पोती. मी टोपली तिथेच टाकली आणि नाल्याच्या वाटेला लागले. दहा पावलं जाऊन तिच्या कानातली तार उपटायची, एवढंच माझ्या मनात होतं. उतारापाशी पोचले तेवढ्यात मागून कुणीतरी माझं मनगट धरलं. जनाबाई इतक्या वेगाने धावू शकतात हे मला माहीत नव्हतं.

“उत्तर नाई आलं,” त्या हळू म्हणाल्या. “एकटी जाऊ नोको.”

मी सांगितलं की तिच्या कानात डब्बी आहे, तिला ऐकू येत नसेल. त्या म्हणाल्या असन, अन् मनगट सोडलं नाही. बाया एकेक करून गोळा झाल्या. एक पोरगी गावाकडे पळाली. आम्ही तिथे एकमेकींच्या खांद्याला खांदा लावून उभ्या होतो, नाल्याचा तळ झुडपांनी झाकलेला होता, आणि पलीकडे झाडं होती, ऊन होतं, दुसरं काही दिसत नव्हतं. मला त्या क्षणी एवढंच वाटत होतं की मोठमायने एकदा, फक्त एकदा ‘हो’ म्हणावं. मग मी तिला काहीही बोलणार नव्हते. आयुष्यभर गोष्टी आणून दिल्या असत्या.

बाबा उन्हाळी धानाला पाणी द्यायला मोटारीवर गेले होते. लाइट पहाटेच यायची. ते तिथून कुऱ्हाड घेऊन, चिखलाच्या पायांनी आले, मागे गावातली माणसं. कुणी डबे बडवत होतं, कुणी थाळ्या. तेवढा गोंगाट करत आम्ही नाल्यात उतरलो. मी माणसांच्या मधोमध होते, मला खाली काही दिसत नव्हतं, पाठी दिसत होत्या. पलीकडे चढलो आणि बाबा थांबले. मला वाटलं, झालं.

मोठमाय तिच्या झाडाला पाठ लावून बसली होती. टोपली काठोकाठ भरलेली. दोन्ही कानांत तारा. तोंड पांढरंफटक, हात मांडीवर घट्ट. आम्हाला पाहून तिने सावकाश तारा काढल्या.

“कान भरले होते,” ती म्हणाली. “आयकूच नाई आलं.”

बाबा तिच्याशी कधी वर मान करून बोलत नसत. थोरली वयनी, आईच्या ठिकाणी. त्या दिवशी ते तिच्या हातातून डब्बी ओढून घेऊन एका दगडापाशी गेले आणि कुऱ्हाडीच्या बोथट तुंब्याने त्यांनी ती ठेचली. एकदा ठेचून भागलं असतं. ते ठेचतच राहिले. सगळं गाव बघत होतं. मोठमाय उठली, तिने टोपलीला हात घातला आणि जनाबाईंकडे पाहिलं. जनाबाई टोपली उचलू लागल्या. मी तुकडे गोळा केले, कारण दुसरं काय करावं ते मला सुचत नव्हतं. रडू येत होतं आणि ती जिवंत आहे म्हणून येतंय की यंत्र गेलं म्हणून, हे मला सांगता आलं नसतं. पत्र्याचे, प्लॅस्टिकचे बारीक तुकडे. सेल तेवढा सापडला नाही. उडून गवतात पडला असेल असं वाटलं.

घरी दिवसभर तिला ऐकून घ्यावं लागलं. मायने ऐकवलं, शेजारणींनी ऐकवलं. या वयात काय ही थेरं, सगळं गाव कामाला लावलं, बिनकामाच्या गोष्टींपायी जीव गेला असता. त्या दिवसापासून गावात तिला ‘डब्बीवाली’ म्हणू लागले, आणि ती मरेपर्यंत म्हणत राहिले. ती अंगणात मोह पसरत होती, खाली वाकून, हाताने एकसारखा करत. संध्याकाळी मी पुस्तक घेऊन आत बसले तेव्हा मला टिकटिक ऐकू आली. आमच्या भिंतीवरचं घड्याळ कित्येक दिवस बंद होतं. मायला विचारलं, सेल कुणी घातला. माय म्हणाली, वयनीनं, कालच सांजच्याला. म्हने पोरीले पेपरासाठी उठाव लागते.

म्हणजे पहाटे डब्बीत सेलच नव्हता. तारा कानात होत्या आणि तारांमध्ये काही नव्हतं. मी तशीच अंगणात गेले आणि तिच्याशेजारी उकिडवी बसले. मोठमाय, तू खोटं काऊन बोललीस, असं विचारलं. तिने मागे, घराकडे पाहिलं. बाबा ओसरीवर बसून पाय धूत होते.

“पेपर होऊ दे आधी,” ती म्हणाली, आणि माझ्या हातात मोह पाखडायचं सूप दिलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी निघाले तर ती दारात उभी. हातात डालड्याचा रिकामा डबा आणि काठी. बाबांना तिने आधीच सांगून ठेवलं होतं की मी पोरीले फाट्यावर सोडून येतो. आमच्याकडे बायाही ‘येतो, जातो’च म्हणतात. बाबांना तिच्याकडे बघवत नव्हतं, त्यांनी नुसती मान हलवली. रान सुरू झालं तसं ती माझ्या पुढे झाली आणि मोठ्याने, अगदी बाजारात ओरडावं तशी, बियाण्याच्या जहाजाची गोष्ट सांगायला लागली. पहिल्यापासून. मी ती ऐकलेली होती, पण ही नव्हती. तिच्या जहाजातली बाई सकाळी उठून अंगण झाडायची. आंबील प्यायची. झोपलेल्या लोकांच्या अंगावरची पांघरुणं सारखी करत फिरायची आणि त्यांना शिव्या द्यायची की आळशी मेले, उठा, रोवणी कोन करन. मधून मधून मोठमाय डबा बडवायची. मला हसू येत होतं आणि लाजही वाटत होती. एवढ्या पहाटे कुणी ऐकलं तर काय म्हणेल. मी म्हटलं, मोठमाय, हळू सांग ना, मी इथीच तं आहो.

ती थांबली नाही. नाल्याच्या उतारावर तिने डबा जोरात वाजवला, आम्ही खाली उतरलो, ओली वाळू तुडवून वर चढलो, आणि वर आल्यावर ती मागे न बघता म्हणाली:

“त्यालेबी आयकू दे.”

मला कळायला एक क्षण लागला. चालता चालता, गोष्टीच्याच आवाजात, ती मला सांगत गेली. शेवटच्या हाकेच्या वेळी तो नाल्यात होता. पाण्याशी येऊन वाळूत बसला होता, तोंड माझ्या वाटेकडे करून. तिला तो झाडामागून दिसत होता. हाक आली तेव्हा तिने ‘हो’ म्हणायला तोंड उघडलं होतं आणि मिटलं. ‘हो’ म्हटलं असतं तर मी गेले असते, एकटी, सरळ त्याच्या समोर. म्हणून तिने तोंड बंद ठेवलं, आणि मी रीत मोडून येते की काय या धास्तीत तिथे बसून राहिली. डब्यांचा आवाज आला तेव्हा तो उठून वरच्या अंगाला निघून गेला. मग तिने तारा कानात घातल्या.

मी म्हटलं, सांगायचं होतं ना बाबांना. ती म्हणाली, सांगतलं असतं तं तुहं कॉलेज त्याच दिशी बंद होतं. जेवताना बाबा बोलले ते तिने ऐकलं होतं. जनाबाईंना मात्र तिने टोपली उचलतानाच सांगितलं होतं. त्यांनी जंगलाच्या गार्डला कळवलं आणि बायांना दुसऱ्या अंगाच्या झाडांकडे नेलं, इकडचा मोह सरला असं सांगून. म्हणजे सगळा बंदोबस्त झाला होता. फक्त डब्बी गेली, आणि नाव गेलं. मला काहीतरी बोलायचं होतं पण फाटा आला, बस आली, आणि मी पेपरला गेले. माणसं विचारतात की तेव्हाच तू तिच्या गळ्यात का पडली नाहीस. आमच्या घरात कुणी कुणाच्या गळ्यात पडत नसे.

परीक्षा होती तेवढे दिवस ती येत राहिली. मी आता ओरडून ‘हं’ म्हणत होते, मध्येच प्रश्न विचारत होते, म्हणजे दोघींचा आवाज होईल. भीती गेली नव्हती. एखादं पान पडलं तरी आम्ही दोघी थबकायचो, आणि मोठमाय थबकल्या जागेवरून गोष्टीचं पुढचं वाक्य सुरू करायची. पण मला एक गोष्ट खटकायला लागली. ती रोज आदल्या दिवशी सोडलं तिथून सुरू करत नव्हती. काल फाट्यावर जहाजातली बाई पोती मोजत होती, आणि आज पहाटे सुरुवातीलाच तिचा एक पाय अधू झालेला, केस पिकलेले, आणि एक झोपलेलं पोर अवेळी जागं होऊन तिला आई म्हणत होतं. हे पोर कधी उठलं, पाय कशाने गेला, काही कळत नव्हतं. असं रोज होत होतं. शेवटी मी चिडले. फाट्यावरच्या पिंपळाखाली उभ्या होतो, बस यायची होती, सूर्य नुकता वर आला होता.

“मधलं काऊन सोडतेस वं? मले पुरं सांग ना.”

“सोडलं नाई,” मोठमाय म्हणाली. “मधलं सांगतलं ना काल. वापस जातानी.”

इतक्या दिवसांत माझ्या डोक्यात हे आलंच नव्हतं. मी बसमध्ये चढत होते, खिडकीशी बसून पुस्तक उघडत होते, आणि ती त्याच वाटेने, त्याच नाल्यातून, एकटी परत जात होती. मी म्हटलं, उद्यापासून येऊ नकोस, मी जाईन माझी माझी. तिने विचारलं, पेपर किती राहिले. मी सांगितलं, दोन. मग दोन दिवस आयक, ती म्हणाली, आणि माझ्या दप्तराचा निसटलेला पट्टा खांद्यावर सारखा केला.

बस आली. कंडक्टर दारावर हात आपटत होता. मी चढले, मागे गेले आणि काचेला तोंड लावलं. मोठमायने लुगड्याचा काष्टा घट्ट केला, डबा काखेला मारला, काठी या हातातून त्या हातात घेतली आणि रानाकडे वळली. बस अजून सुटली नव्हती, पण तिचे ओठ हलायला लागले होते.